पातेलंवाले डॉक्टर

डॉक्टर घरात आले ते सरळ कचऱ्याच्या डब्याकडे गेले. कुत्रा हॉलमध्ये पडलेला, साहेब दारात उभे राहून "या या, इकडे" म्हणतायत, आणि हा माणूस स्वयंपाकघरात शिरून माझ्या डब्याचं झाकण काढून आत नाक घालून उभा. मला वाटलं गॅसवाला आला. मी म्हटलं, "भाऊ, सिलिंडर गॅलरीत आहे."

तर म्हणाले, "मी जनावरांचा डॉक्टर. तू स्वयंपाक करतेस ना? मग कुत्र्याच्या आधी तुलाच बघायचंय मला. गाव कुठलं?"

"दापोलीकडचं."

"कोकण. बरं. ए कोकण, चहा टाक. साखर कमी."

आणि परत डब्यात वाकले.

हे मस्कतचं सांगते. अल् खुवैरला साहेबांचा फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर. घरात साहेब, वहिनी, त्यांची बारा वर्षांची मुलगी, मी, आणि ब्रुनो. ब्रुनो म्हणजे लांब कानांचा, तांबडा-पांढरा, ठेंगणा कुत्रा. मी आले तेव्हा त्याला कंबर होती. तीन वर्षांत ती कुठं गेली, मला कळलंच नाही.

मी कशी आले ते थोडक्यात सांगते, उगाच लांबण नको. नवरा होडीवर होता. एकदा होडी परत आली, तो आला नाही. दोन मुली पदरात. दुसऱ्यांच्या सुपाऱ्या सोलल्या, कोळंबी सोलली, बोटं अशी सुजायची की भाकरी थापता यायची नाही. मुली उजवल्या. मग वादळ आलं नि घर गेलं, एक चूल तेवढी जागेवर राहिली. रडून काय छप्पर येत नाही. गावातल्या एकीची ओळख होती, तिच्या शब्दावर विमानात बसले. तिसरी शिकलेली बाई मी, खिडकीतून बघितलं तर खाली सगळं पाणी. म्हटलं, ह्याच्याच पोटात माझा माणूस आहे. मग डोळे मिटून घेतले ते मस्कतातच उघडले. ह्या गोष्टीच्या वेळी गावी माझ्या दोन खोल्यांच्या भिंती खिडकीच्या वर गेल्या होत्या. वर पत्रे पडायचे होते. तेवढं झालं की मरायला मोकळी, असा माझा हिशेब.

डॉक्टरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, पण ऐकून होते. संध्याकाळी आम्ही कामवाल्या कुत्री फिरवायला खाली उतरायचो, तेव्हा त्यांच्याच गोष्टी चालायच्या. सगळ्या त्यांना 'पातेलंवाला डॉक्टर' म्हणायच्या. का ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये वसईची मेरी होती, ती तर त्यांची नक्कल करायची. म्हणायची, "मावशी, तो माणूस कुत्र्याला अहो-जाहो करतो नि माणसाला अरे-तुरे. आमच्या मॅडमला म्हणाला, 'ए, बाजूला हो,' आणि आमच्या त्या पॉमेरियनला म्हणाला, 'बाईसाहेब, जरा वळता का?'"

कुत्रं काट्यावर एकटं उभं राहत नाही, म्हणून ते आधी मालकाला कुत्र्यासकट उभं करायचे, मग मालकाला एकट्याला, आणि दोन्ही आकडे मोठ्यानं ओरडायचे. मेरीच्या मॅडमचं वजन असं सगळ्या जिन्यात ऐकू गेलं. "दुसऱ्या दिवशी सेक्युरिटीवाला पण विचारतो, मॅडमची तब्येत कशी आहे!" मेरी हसून हसून बाकावर आडवी.

डॉक्टर राहायचे माबेल्याला, शहराच्या टोकाला. जुनी पांढरी गाडी, आणि ती हायवेवर अशी चालवायचे की पाठीमागून सगळे हॉर्न मारायचे. हे आपले खिडकीतून हात जोडायचे, "यल्ला यल्ला, जा बाबा पुढं." शर्टाच्या दोन्ही खिशांत गाजराचे तुकडे. एक कुत्र्याला, एक स्वतःला. माणूस देशावरचा, साताऱ्याकडचा. लग्न केलेलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "बायकोनं मला जेवायला काय काय घातलं असतं, ती भीती वाटते."

तर त्या शुक्रवारची गोष्ट. ईदचा तिसरा दिवस. पहाटेपासून ब्रुनो ओकत होता. आधी खाल्लेलं, मग पिवळं पाणी. पाण्यालाही तोंड लावेना. मग एक विचित्र करायला लागला, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर, देवाला दंडवत घालावा तसा. मुलगी हसली, म्हणाली, "बघ मावशी, ही वॉन्ट्स टू प्ले." मलाही तसंच वाटलं. मग त्याच्या पोटाला हात लावला तर कुईं करून ओरडला. पोट असं घट्ट, जसं पीठ मळून वाळलेलं.

डॉक्टर डबा तपासून बाहेर आले, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाले, "ब्रुनोराव, नमस्कार. कुठं दुखतंय आपल्याला? इथं? माफ करा हं, माफ करा." मग साहेबांना, "ए, हे दंडवत कधीपासून घालतायत?"

साहेब मोठ्या कंपनीत, हाताखाली पन्नास माणसं. चाचरत म्हणाले, "सकाळपासून, डॉक्टर."

"आणि तू बघत बसलास. हँगर आण एक."

पडद्याच्या दांडीला कपड्याचा हँगर अडकवला, त्याला सलाईनची पिशवी. उलटीचं इंजेक्शन दिलं, दुखण्याचं दिलं. रक्त काढून घेतलं. मग चहाचा पेला घेऊन भिंतीला टेकले आणि म्हणाले, "आता सांगा. काय खायला घातलं?"

वहिनी लगेच म्हणाल्या, "त्याचं स्वतःचं फूड. दोन वेळा. मोजून. दुसरं काही नाही, आम्ही फार स्ट्रिक्ट आहोत."

साहेबांनी मान हलवली. मुलीनं हलवली. मीही हलवली.

आता खरं सांगते, माझी मान खोटी हलली. कारण काल मी तूप कढवलं होतं. आठवड्याभराच्या साईचं लोणी, कढईभर. तूप गाळलं की तळाला बेरी राहते. आमच्याकडे बेरीवर साखर टाकली की पोरं भांडायची. इथं कोण खाणार? साहेबांना त्यांच्या डॉक्टरनं चरबी बंद केलेली, वहिनी डाएटवर, मुलगी नाक मुरडायची. आणि माझ्या हातून टाकवत नाही. मुलींना वर्षानुवर्षं पेजेवर वाढवलं मी, सणाला थेंबभर तूप, ते पण बोटानं. ती मी कढईतली बेरी कचऱ्यात कशी टाकू? दोन पोळ्यांनी कढई पुसून काढायची आणि ब्रुनोला द्यायची. दर आठवड्याला. त्याचा आनंद काय सांगू! शेपटीनं दार बडवायचा. मला वाटायचं, चला, कोणीतरी सुखानं खातंय.

डॉक्टरांनी आमच्या चौघांच्या चार माना हलताना बघितल्या. म्हणाले, "अगदी असंच सगळे म्हणतात. तिकडे सूर बंदरावर एका म्हाताऱ्या मालकाच्या, अर्बाबाच्या, होड्या बांधायच्या कारखान्यावर राखणीचा कुत्रा होता. बारा कामगार. सगळे म्हणाले, अर्बाब, आम्ही भाताशिवाय काही देत नाही. मग पातेलं ठेवलं. तर प्रत्येक जण मासे तळून उरलेलं तेल दया म्हणून थोडंसं त्याच्या भातावर ओतायचा. प्रत्येक जण थोडंसं! बारा दया एका पोटात. अर्बाबानं पातेलं बघितलं, म्हणाला खलास, आणि तेलाचा डबा उचलून स्वतःच्या खाटेखाली ठेवला. अजून तिथंच असेल." पेला खाली ठेवला. "ए कोकण, तुझं सगळ्यात मोठं पातेलं आण."

मी आमटीचं पातेलं आणलं. तेव्हा कळलं नाव कशावरून पडलं ते.

"ऐका. एकेकानं स्वयंपाकघरात जायचं, दार लावायचं. परवापासून आत्तापर्यंत ह्यांच्या तोंडात जे घातलंत, ते तेवढंच ह्या पातेल्यात टाकायचं. संपलं असेल तर त्या मापाचा साबण टाका, कांदा टाका, पण माप खरं पाहिजे. कोण काय टाकतं ते मला नको. मला पातेलं पाहिजे." आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा केलेल्या मुलासारखे. तिथूनच गाजर खात होते, कुरूम कुरूम.

साहेब गेले, आले. वहिनी गेल्या, आल्या. मुलगी गेली, आली. मग मी. कढई समोर पालथी होती, घासूनही तुपकट. हात कढईपर्यंत गेला आणि मला गावच्या भिंती दिसल्या, उघड्या, वरून आभाळ. तशीच बाहेर आले.

डॉक्टर आत गेले, पातेलं घेऊन आले, सगळ्यांना दाखवलं. तळाला काकडीची एक चकती.

"ब्रुनोराव," ते म्हणाले, "आपण काकडी खाऊन मरायला टेकलात."

कोणी हसलं नाही. मग ते पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "नीट ऐका. पोटात एक मऊ पिंड असतं, स्वादुपिंड. तेल-तूप पचवायचा रस त्याचा. एकदम जास्त चरबी आली की तो रस जागच्या जागीच उसळतो आणि पिंड स्वतःलाच पचवायला लागतं. तसं असेल तर औषध आहे, मी ह्यांना उठवून उभं करीन. पण काकडीच खरी असेल, तर मग आत काही अडकलंय नाहीतर बाहेर फिरताना कसलं विष खाल्लंय. मग मला पोट उघडून बघावं लागेल. ह्या अवस्थेत भूल दिली तर हे परत उठतील असं मी म्हणणार नाही."

ब्रुनो सतरंजीवर पडला होता, पायात सुई. मला बघून त्यानं शेपूट हलवली. एकदाच. मेलं, त्या एका शेपटीनं मला बोलायला लावलं.

"मी घातलं," मी म्हटलं. आत गेले, कढई आणली. "तुपाची बेरी. कढईतली सगळी. दोन पोळ्या. काल सकाळी."

वहिनी उठूनच उभ्या राहिल्या. "मावशी! तुम्ही? किती वेळा सांगितलंय तुम्हाला!"

"सांगितलंय."

"मग?"

"टाकवलं नाही," मी म्हटलं.

"बस झालं," वहिनी साहेबांना म्हणाल्या. "ह्यांचं तिकीट काढ. ह्या आठवड्याचं."

साहेब पायाच्या बोटांकडे बघत होते. डॉक्टर तिथंच उकिडवे बसले, कढईत बोट फिरवलं, वास घेतला. "वा. काय तूप आहे. ए कोकण, तुमच्याकडे माणसाला मिळत नाही ते तू कुत्र्याला घातलंस?"

मलाही राग आला होता. म्हटलं, "तुमच्या देशावर काय दुधाच्या नद्या वाहतात?"

"आमच्याकडे बेरी उरतच नाही." मग वहिनींकडे वळले. "तिकीट थांबव. ही एक कढई झाली. पण ह्यांची कंबर एका कढईनं गेलेली नाही. ती वर्षानुवर्षं जात होती. हिनं सांगितलं, आता परत पातेलं. आणि ह्या खेपेला काकडी नको."

परत भिंतीकडे तोंड.

मुलगी पहिली गेली. आत गेल्या गेल्या फ्रिज उघडल्याचा आवाज. बाहेर आली ती रडत. "मी ना... चीज द्यायची. टिफिनमधलं. मला नाही आवडत. ममा ओरडते म्हणून... आणि चिप्स. पण लिट्ल लिट्ल."

"थोडंसं," डॉक्टर भिंतीला सांगत होते. "दया. पुढचा."

साहेब गेले. शेजारच्या ओमानी कुटुंबानं ईदचा शुवा पाठवला होता, खड्ड्यात पुरून भाजलेलं मटण, केळीच्या पानात बांधलेलं. काय वास त्याला! साहेबांना चरबी वर्ज्य, म्हणून ते ताटातला पांढरा भाग बाजूला काढायचे आणि वहिनी म्हणायच्या, वा, किती कंट्रोल आहे तुझा. तो कंट्रोल टेबलाखाली बसलेला असायचा. साहेब बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत तुपकट.

वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग गेल्या. आतून टक् टक् टक् टक् ऐकू आलं. अंडी फुटत होती. वहिनी फक्त पांढरं खायच्या, डाएट म्हणून. पिवळं कुठं जायचं ते मलासुद्धा माहीत नव्हतं, आणि भांडी मी घासायचे.

मी शेवटी गेले, बेरीच्या मापाचं तूप घातलं.

डॉक्टरांनी पातेलं हॉलच्या मध्यात आणून ठेवलं. चीजचे चौकोन, चिप्सचा चुरा, मटणाची चरबी, वरती चार पिवळे बलक आणि माझं तूप त्यावरून ओघळतंय. वीतभर पातेलं भरलं होतं. आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे, होमाभोवती उभं राहावं तसे.

डॉक्टर बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हा माणूस हसत होता. "ह्या घरात दोन माणसं पथ्यावर, तिसरीला आवडत नाही, चौथीला टाकवत नाही, आणि चौघांचं सगळं एकटे ब्रुनोराव खातायत! अहो, आपण कुटुंबप्रमुख आहात!"

आधी मुलगी फिसकन हसली. मग साहेब. वहिनींनी तोंडावर पदर नव्हता म्हणून हात धरला, पण त्यांचेही खांदे हलत होते. मी नाही हसले. माझं तिकीट अजून तसंच होतं.

डॉक्टरांनी ब्रुनोला सतरंजीसकट उचललं आणि दवाखान्यात घेऊन गेले.

चार दिवस तो तिथं होता. रक्तात तेच निघालं, स्वादुपिंड सुजलेलं. पोट उघडायची गरज पडली नाही. पण पहिले दोन दिवस डॉक्टर फोनवर एवढंच म्हणायचे, "इन्शाल्ला." वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मी माझी बॅग भरून ठेवली. चार साड्या, एक शाल, औषधं. किती वेळ लागतो? मी भरून खाटेखाली सारली आणि भांडी घासायला गेले. तिसऱ्या दिवशी फोन आला की ब्रुनोरावांनी डॉक्टरांची चप्पल पळवली. मुलगी घरभर नाचली. मी दाराआड जाऊन डोळे पुसले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे कोणी विचारायला नको.

पाचव्या दिवशी डॉक्टर त्याला घेऊन आले. बारीक झाला होता, पट्टा सैल. आल्या आल्या चौघांनाही चाटून झालं त्याचं, वेगळं वेगळं, कोणावर राग नाही. डॉक्टर म्हणाले, "आता आयुष्यभर पथ्य. चरबी नाही. ह्यांचं पथ्याचं खाणं, नाहीतर कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, मऊ भात, थोडा भोपळा. एकदाच भरपूर द्यायचं नाही, चार वेळा थोडं थोडं. परत एकदा असं झालं तर मला बोलवू नका, खड्डा खणणाऱ्याला बोलवा. तर, कोण देणार?"

"मी बघीन," वहिनी म्हणाल्या.

"तू? पहिल्या खेपेला पातेल्यात काय टाकलंस?"

काकडी वहिनींचीच होती, घरात काकडी तेवढ्या त्याच खायच्या.

"तू?" साहेबांना. साहेब पडद्याकडे बघायला लागले. मुलीला त्यांनी विचारलंच नाही, तिनं आपणहून मान हलवली, नाही म्हणून.

"पहिल्या खेपेला चौघंही खोटं बोललात," डॉक्टर म्हणाले. "ही पण. पण तुम्हाला बोलून काय गमवायचं होतं? थोडी लाज. हिचं काम जात होतं, आणि बोलली ही. मला असा माणूस पाहिजे. ब्रुनोरावांना ही देईल. बाकी कोणाला काही द्यायचं असेल, गवताची काडी पण, तर हिला विचारून. कबूल नसेल तर मी ह्यांना परत माबेल्याला नेतो, तिथं चप्पल आहे खायला."

मग वहिनी आत गेल्या. ब्रुनोचं स्टीलचं ताटलं धुऊन, पुसून आणलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "मावशी, खाटेखालची बॅग काढून ठेवा. मी बघितली काल." मग वळून म्हणाल्या, "आणि मला पण पिवळ्यासकट अंडं देत जा. एकच."

तिथं डॉक्टर ओरडले, "आधी ह्यांचं वजन! ए साहेबा, काट्यावर चढ!" आणि साहेबांचं वजन आमच्याही जिन्यात ऐकू गेलं.

त्यानंतर आठवड्यानं, दुपारी, मी भोपळा किसत होते. स्वयंपाकघराच्या दारात साहेब. ऑफिसचे कपडे, टाय, आणि हातात एक बिस्किट. खाली त्यांच्या बुटाला चिकटून ब्रुनो, जीभ बाहेर. दोघंही माझ्याकडे बघतायत.

"मावशी," साहेब म्हणाले, "अर्धं देऊ?"

"नाही."

"पाव?"

"नाही म्हटलं ना."

साहेबांनी ब्रुनोकडे बघितलं, ब्रुनोनं साहेबांकडे. "बरं," साहेब म्हणाले, आणि दोघंही मान खाली घालून गेले.